फुकटाचे दळण

'फुकट' या शब्दावर आम्हा वऱ्हाडी माणसांचा जितका लोभ, तितकाच अविश्वास. कोणी काही फुकट देऊ लागला की आधी आमचा हात पुढे होतो आणि मग तोंडातून प्रश्न निघतो, "काऊन बावा, सडलं हाय काय?" हात मागे मात्र येत नाही. फुकटची संत्री आम्ही सोलून बघतो, फुकटचा सल्ला ऐकून घेतो आणि फुकटचे नाटक असले तर पहिल्या रांगेत बसून मध्यंतरात उठतो. पैसे दिले असते तर शेवटपर्यंत बसलो असतो.

या बाबतीत मराठी भाषा फार श्रीमंत आहे. आपल्याकडे 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. देवळातला प्रसाद फुकट असतो, देवळाबाहेरचा नंदी मुक्त असतो. या दोहोंची गल्लत लहान पोरदेखील करणार नाही. इंग्रजी ही एवढी साम्राज्यावर पोसलेली भाषा, पण तिच्याकडे दोन्हींसाठी मिळून 'फ्री' हा एकच शब्द. त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन नावाच्या दाढीवाल्या अमेरिकन गृहस्थाची केवढी पंचाईत झाली. 1983 साली त्याने जाहीर केले की संगणकाचे प्रोग्राम 'फ्री' असले पाहिजेत. लोकांना वाटले, हा फुकट वाटतो आहे. तेव्हापासून तो बिचारा 'भाषणस्वातंत्र्यातले फ्री, बिअरमधले नव्हे' असे समजावत हिंडतो आहे. तो अचलपुरात जन्मला असता तर त्याचे निम्मे आयुष्य वाचले असते.

त्याच्या या वेडाचे मूळ एका अडकलेल्या कागदात आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक जुना प्रिंटर होता. तो मधूनमधून कागद गिळून बसे. त्याचा प्रोग्राम हातात असल्याने स्टॉलमनने त्यात थोडी भर घातली आणि कागद अडकला की ज्यांचे काम खोळंबले आहे त्यांना संगणकावर निरोप जाईल अशी सोय केली. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवाकोरा लेसर प्रिंटर आला. तोही कागद गिळे, पण त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर कोणी देईना. एका प्राध्यापकाकडे तो होता, पण 'कोणाला देणार नाही' असे त्याने लिहून दिले होते. स्टॉलमनला ते इतके लागले की त्यातून एक चळवळ उभी राहिली. आपल्याकडे सरकारी कचेरीतला प्रिंटर अडकला की चळवळ वगैरे होत नाही. 'उद्या या' एवढेच होते.

हा 'मूळ मजकूर' म्हणजे सोर्स कोड. आता सोर्स कोड म्हणजे काय ते सांगण्यासाठी मला चक्कीवर जावे लागेल. मूळ मजकूर म्हणजे ज्वारी, आणि आपण संगणकात वापरतो तो तयार प्रोग्राम म्हणजे पीठ. पिठाची भाकर होते. पण पिठातून पुन्हा ज्वारी काढता येत नाही आणि दळताना काय मिसळले ते चक्कीवालाच जाणे. बहुतेक कंपन्या पीठ विकतात, तेही पिशवीला गाठ मारून. मुक्तवाली मंडळी दारात ज्वारीचे पोतेच आणून टाकतात. घ्या, निवडा, खडे काढा, वाटले तर मूठभर उडीद घालून कळण्याची करा, आणि दळा. या दळण्याला ते लोक 'कंपाइल करणे' म्हणतात.

आता या दळणाशी आमचा संबंध कसा आला ते सांगतो.

आमचे भाऊजी अकोल्याला असतात. चौतीस वर्षे त्यांनी शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीनंतर काचबिंदू आला. हा रोग चोरपावलांनी येतो; दुखत नाही, खुपत नाही, नुसता कडेकडेने नजर कुरतडत मध्यावर येतो. भाऊजींच्या बाबतीत तो मध्यावर आला तेव्हा त्यांचे सकाळचे वर्तमानपत्र गेले. चहा गेला असता तर चालले असते.

मग आमची ताई वाचून दाखवू लागली. ताईच्या वाचनाची एक पद्धत आहे. मंत्र्यांचे दोन रकाने भाषण ती "बोलले बापा काहीतरी" एवढ्यात उरकते. अग्रलेख आला की कुकरची शिट्टी होते. क्रिकेटच्या बातमीत ती फक्त कोण जिंकले ते सांगते, कसे जिंकले हे सांगणे तिला अनावश्यक वाटते. निधनवार्ता मात्र सावकाश, नातलगांच्या यादीसकट. "थांबा, हे मूर्तिजापूरवाल्यांचे व्याही तं नव्हते?" असे विचारून ती तीन पिढ्या मागे जाते आणि परत येईतो भाजी करपते. भाऊजी गप्प ऐकून घेत. एकदा मला म्हणाले, "डोळे गेल्याचं एवढं काही नाही हो. पण प्रत्येक ओळ मागून घ्यावी लागते. जन्मभर दुसऱ्याला वाचायला शिकवलं, आणि आता वाचायला हात पसरायचा."

यावर मला उत्तर सुचले नाही. ते ताईच्या मुलाला सुचले. आमचा हा भाचा अमरावतीला अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडेच राहतो. रात्री दोनपर्यंत जागतो आणि सकाळी दहाला 'मामी, चहा' म्हणतो, यावरून तो संगणकाचा अभ्यास करतो असा आमचा अंदाज होता. तो म्हणाला, "मामा, मी बाबांसाठी ई-स्पीक कंपाइल करतो. ते मराठी वाचतं."

"केवढ्याला?"

"फुकट."

"सडलं हाय काय?" मी विचारले. रक्तातच आहे ते.

नव्हते. जोनाथन डडिंग्टन नावाच्या एका गृहस्थाने 1995 साली एकॉर्न या संगणकांसाठी एक बोलणारा प्रोग्राम केला. 2006 मध्ये तो मूळ मजकुरासकट जगासाठी खुला केला. पुढे त्याचे नाव ई-स्पीक झाले. 2015 च्या अखेरीपासून दुसऱ्या मंडळींनी 'ई-स्पीक एनजी' या नावाने त्याचा संसार पुढे चालवला. शंभराहून अधिक भाषा आणि बोलींत तो बोलतो आणि आकाराने एवढा लहान की एखाद्या लग्नातल्या चार फोटोंच्या जागेत मावावा. त्यात कोणा माणसाने वाचलेले ध्वनिमुद्रित शब्द नाहीत. तो मुख्यतः गणिताने आवाज तयार करतो. म्हणून ऐकायला गोड नाही. पिंपात तोंड घालून परवचा म्हणावा तसा लागतो. पण भरभर बोलतो, न थकता बोलतो आणि मध्येच कुकर बघायला जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणाने 2006 साली अंधांसाठी पडदा वाचणारा एनव्हीडीए हा प्रोग्राम सुरू केला, त्याच्याही तोंडी हाच आवाज आहे. करन स्वतः अंध, त्याचा जोडीदार जेम्स तेह हाही अंध. डोळसाला जे विनामूल्य दिसते ते ऐकण्यासाठी अंधाने वर पैसे का मोजावेत, हे त्यांना पटले नाही, म्हणून त्यांनी आपला प्रोग्रामच मुक्त आणि फुकट दोन्ही ठेवला. इथे मात्र इंग्रजीचा एकच शब्द पुरला.

तर पहिले काम, पोते आणणे. हे पोते 'गिट'ने आणतात. गिटचा जन्म मोठा बोधप्रद आहे. लिनक्स लिहिणाऱ्या लायनस टॉरवॉल्ड्सची मंडळी आपापल्या दुरुस्त्यांचा हिशेब ठेवायला एका कंपनीचा प्रोग्राम वापरत. कंपनीने तो त्यांना फुकट दिला होता. फुकट, मुक्त नव्हे. 2005 साली कंपनीने तो परत घेतला. टॉरवॉल्ड्सने कपाळाला हात न लावता काही दिवसांत स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि नाव ठेवले 'गिट'. इंग्रजी बोलीत गिट म्हणजे तिरसट, बावळट माणूस. आपण आपल्या प्रोग्रामांना स्वतःचीच नावे देतो, असा खुलासाही त्याने करून टाकला. लिनक्सचे नाव पाहता त्यात निम्मे तरी खरे आहे.

गिटची गंमत अशी की ते नुसते पोते आणत नाही, त्या शेताची सगळी खतावणी आणते. कोणत्या तारखेला कोणी कोणती ओळ बदलली, का बदलली, मग ती कोणी पुन्हा होती तशी केली, सगळे. भाच्याने मला ते उलगडून दाखवले. एवढ्या भाषांतले लोक, कोणी कोणाला भेटलेले नाही, आणि 'अमुक शब्दाचा उच्चार सुधारला' अशा ओळीमागून ओळी. आमच्या वाड्याच्या वाटणीचे कागद असे ठेवले असते तर दोन काकांचा अबोला टळला असता.

ही पोती ठेवण्याचे सर्वांत मोठे गोदाम म्हणजे 2008 साली निघालेले गिटहब. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतले. फुकटाच्या गोदामाला एवढी किंमत येते हे कळल्यावर माझा फुकटाबद्दलचा आदर दुणावला. याच गोदामवाल्यांनी 2 फेब्रुवारी 2020 रोजी त्यातल्या चालू खुल्या मजकुराची नक्कल काढून फिल्मच्या 186 रिळांवर उतरवली आणि उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जुन्या कोळशाच्या खाणीत, बर्फात पुरून ठेवली. हजार वर्षे टिकावी म्हणून. अकोल्याच्या मे महिन्यात बसून ही बातमी वाचली की वाटते, आपल्यालाही कोणीतरी तसे ठेवावे. हजार वर्षे नको, सात जूनपर्यंत पुरे.

पोते अमरावतीत उतरवून आम्ही मामा-भाचे अकोल्याला निघालो. शंभरेक किलोमीटरचा हा रस्ता एके काळी माणसाची हाडे सुटी करून मोजून देत असे. जून 2022 मध्ये याच मार्गावर 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड घालून गिनीज बुकात विक्रम झाला. वर्षानुवर्षे न होणारे काम पाच दिवसांत उरकायचे आणि त्याचाही विक्रम करायचा, ही आपली खास रीत.

भाऊजींच्या घरी कूलर घरघरत होता. त्याच्याच बोर्डावर त्यांचा जुना संगणक, ज्यात भाच्याने आधीच लिनक्स घातले होते. 'दळण' सुरू झाले.

यातला पहिला विधी 'कॉन्फिगर'. हा अगदी मुलगी देण्यापूर्वीच्या चौकशीसारखा असतो. पडद्यावर एकामागून एक प्रश्न उमटतात आणि यंत्र स्वतःच उत्तरे देते. कंपाइलर आहे का? आहे. चालतो का? चालतो. चालतो असे नुसते म्हणतो की खरेच चालतो? खरेच चालतो. आमच्या चौकशीत मात्र त्याच्याही आधीच घोडे अडले, कारण 'लिबटूल' घरात नव्हते. ते आणावे तर त्याच्याबरोबर आणखी दोघे यायचे म्हणाले. वऱ्हाडात एका पाहुण्याला जेवायला बोलावले की तो एकटा कधी येत नाही, तसेच हे.

"कितीक लोकं जेवाले हायेत रे?" ताईने आतून विचारले. तिला वाटले खरेच पाहुणे येत आहेत.

दुसरा विधी 'मेक'. हा प्रोग्राम बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली लिहिला. त्याच्या आज्ञापत्रात काही ओळींपूर्वी 'टॅब'ची कळ दाबावीच लागते; तेवढीच मोकळी जागा सोडली तर तो रुसतो, आणि डोळ्यांना दोहोंत काही फरक दिसत नाही. फेल्डमन यांना ही अडचण लवकरच कळली होती. पण तोवर त्यांचा प्रोग्राम डझनभर लोक वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले. त्या बारा जणांच्या भिडेखातर पुढची पन्नास वर्षे अवघे जग टॅब दाबते आहे. लग्नात नवरदेवाने कान का पिळून घ्यायचा असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मेक चालू झाला की पडद्यावर मजकुराची रहाटगाडगी फिरू लागते. मधूनमधून 'वॉर्निंग' येते. मी दचकलो की भाचा म्हणे, "तिकडे लक्ष नका देऊ." या वॉर्निंगा मांडवातल्या आत्याबाईंसारख्या, बोलतात पुष्कळ, पण लग्न थांबवत नाहीत. 'एरर' हा मात्र वरबाप. तो एकच शब्द बोलतो आणि अक्षता हातातल्या हातात राहतात.

एररही आला नाही. गेली ती वीज. कूलर थांबला, संगणक थांबला. पाऊण तास आम्ही वर्तमानपत्राने वारा घेतला. भाऊजींच्या घरी त्याचा तेवढाच उपयोग उरला होता. वीज आल्यावर मला वाटले, आता पुन्हा पहिल्यापासून. पण मेकचा एक गुण असा की झालेले काम तो पुन्हा करत नाही. कोणते दळून झाले, कोणते राहिले, ते वेळ बघून ओळखतो आणि उरलेले तेवढेच घेतो. हे ऐकून ताई म्हणाली, "मंग धुणंवालीले शिकवा हे."

संध्याकाळी यंत्र बोलले. भाच्याने त्या दिवसाच्या अग्रलेखाचा मजकूर त्याच्या पुढ्यात ठेवला. आधी घसा खाकरल्यासारखा आवाज आणि मग एका दमात मराठी. ताई पदराला हात पुसत बाहेर आली आणि क्षणभर ऐकून म्हणाली, "अव्वा! हे तं पुण्याचं दिसू राह्यलं. केळ्याले केळं म्हंते." आमच्याकडे ळचा य होतो, केळे ते केयं आणि शाळा ती शाया. यंत्राचा ळ शाबूत होता.

भाऊजी काही बोलले नाहीत. मान थोडी तिरपी करून ऐकत राहिले. शाळा तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसून ऐकतात तसे. अग्रलेख संपला. मला वाटले, आता डोळे भरून येणार. भाऊजी म्हणाले, "चमच्यातला दुसरा च चुकला."

आणि चौतीस वर्षे जपून ठेवलेली लाल शाई त्यांनी बाहेर काढली. मराठीत च दोन; चहातला वेगळा आणि चाकातला वेगळा. ज दोन. लिहायला मात्र एकच अक्षर. आपण ते आईच्या मांडीवर शिकतो, यंत्राला मांडी नाही. तेव्हा भाच्याने पोत्यातली मराठीची यादी उघडली. साधी यादी आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचा उच्चार. भाऊजी सांगत, भाचा दुरुस्त करी, मराठीपुरते चिमूटभर दळण पुन्हा दळी, आणि यंत्र पुन्हा तोच शब्द म्हणे. तिसऱ्या खेपेला चमचा बरोबर आला तेव्हा भाऊजी म्हणाले, "शाब्बास." मुलाला म्हणाले की यंत्राला, ते कळले नाही. बहुधा वर्गाला म्हणाले असावेत.

एका शब्दापाशी मात्र गाडी अडली. 'मी जात आहे' मधले 'जात' आणि 'तुमची जात कोणती' मधले 'जात'. भाचा म्हणाला, "बाबा, हे यादीनं होणार नाही. शब्द एकच लिहिलेला. कुठली जात आहे हे मशीनला कळत नाही."

"जात कळत नाही?" भाऊजी म्हणाले. "मग राहू दे. तेवढं तरी चांगलं आहे त्याच्यात."

जेवताना भाऊजींनी तो खरा वऱ्हाडी प्रश्न विचारला, "हे फुकट देणारे लोक खातात काय?" भाच्याने सांगितले की बरेच जण नोकरी सांभाळून रात्री हे करतात, त्यामुळे कधी कधी फार मोठी गोष्ट एकट्यादुकट्याच्या खांद्यावर असते. मग त्याने एक्सझेडची हकीकत सांगितली. जगभरच्या लिनक्स संगणकांत वापरले जाणारे हे छोटे हत्यार एक थकलेला माणूस सांभाळत होता. एका भामट्याने सुमारे दोन वर्षे त्याला मदत करून विश्वास मिळवला आणि गुपचूप चोरवाट पेरली. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद उशीर होतो आहे असे जाणवले. अर्धा सेकंद! आमच्याकडे पाऊण तास वीज गेली तरी कोणी 'का' म्हणत नाही. त्याने 'का' म्हटले, ज्वारी निवडत बसला आणि खडा सापडला. पीठ असते तर भाकरीतच लागला असता.

भाऊजी हात धुऊन आले आणि म्हणाले, "म्हणजे हे फुकट नाही. वर्गणी आहे. आपली राहिली आहे द्यायची."

दुसऱ्या दिवशीपासून ताईच्या हाती वाण्याच्या हिशेबाच्या वहीसारखी एक लांबट वही आली. यंत्र वाचते, भाऊजी ऐकतात, चुकले की बोट वर करतात आणि ताई शब्द टिपून ठेवते. भाचा सुटीत गेला की वही दळून देतो. पहिले दीडशे शब्द झाले तेव्हा त्याने ती यादी रीतसर वर, त्या गोदामात पाठवली. तिथली मंडळी पारखतील, पटेल ते घेतील. भाऊजींना त्याची घाई नाही. उत्तरपत्रिका तपासून झाली, की निकाल दुसरे लावतात, हे त्यांना ठाऊक आहे.

अग्रलेख आता भाऊजी कोणाला न विचारता ऐकतात. पहाटे पाचला ऐकतात, वेग वाढवून ऐकतात, न पटला तर मध्येच तोडतात. ताईच्या 'बोलले बापा काहीतरी'ला कायमची सुटी मिळाली. निधनवार्ता मात्र यंत्राकडून ऐकायची नाही असे त्यांनी ठरवले आहे. त्या ताईनेच वाचायच्या. मी कारण विचारले.

"उच्चार बरोबर करतं हो ते," भाऊजी म्हणाले, "पण 'अरेरे' म्हणत नाही."